खेळाडूची कामगिरी आणि क्रीडाविज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक सारखे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची उत्तरं अशी का आहेत ते कळेल. ज्या आकड्यामुळे उद्याच्या सरावात काहीच बदलणार नाही, तो आकडा मोजू नये असं माझं ठाम मत आहे. मोजणारी यंत्रं आता कुणाच्याही मनगटावर असतात, पण खेळाडूचा वेळ आणि लक्ष काही वाढलेलं नाही.

क्रीडाविज्ञान म्हणजे नेमकं काय?

शरीर काम कसं करतं, हालचाल कशी घडते, खाणं आणि झोप यांचा सरावावर काय परिणाम होतो, दडपणाखाली डोकं कसं चालतं, या सगळ्याचा खेळाच्या अंगाने केलेला अभ्यास. हे शास्त्र काही कालपरवाचं नाही. स्नायूंमध्ये उष्णता कशी तयार होते यावरच्या कामासाठी ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी धावणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन मोजला आणि त्यासाठी ते स्वतःही धावले. ‘व्हीओटू मॅक्स’ची, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं या मापाची, कल्पना तिथून आली. ६ मे १९५४ रोजी ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावणारा रॉजर बॅनिस्टर वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि ट्रेडमिलवर श्वसनाचे प्रयोगही करत होता.

आमच्या प्रशिक्षकांना तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांना हे कशाला हवं?

अनुभवी नजरेला खूप काही दिसतं. खेळाडू आज पाय ओढतोय, खांदा आखडलाय, मन लागत नाही, हे कुठलंही यंत्र सांगायच्या आधी जुना प्रशिक्षक सांगतो. नजरेला दिसत नाही ते दोन टक्क्यांचं चढणं-उतरणं, आणि दिसत नाही ती सवयीची चूक. ‘आम्ही नेहमी असंच करतो’ हे चालत आलेलं असतं, कारण जे त्यात टिकले तेच पुढे आले. जे मोडले ते घरी गेले, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. विज्ञानाचा उपयोग इथे होतो. ते प्रशिक्षकाची जागा घेत नाही, पण त्याला दुसरं मत देतं. ते मत मानायचं की नाही हे शेवटी प्रशिक्षकानेच ठरवावं.

आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, पैसा नाही. सुरुवात कुठून करू?

वहीपासून. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला एकच प्रश्न विचारायचा: आजचं सत्र शून्य ते दहात किती जड गेलं? जो आकडा येईल त्याला सत्राच्या मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटांचं सत्र ‘सहा’ वाटलं तर ५४०. आठवड्याची बेरीज करायची. ही पद्धत अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रुळवली आणि आजही मोठमोठे संघ ती वापरतात, कारण ती फुकट आहे आणि बऱ्याच महागड्या यंत्रांच्या तोडीचं उत्तर देते.

अर्धा तास थांबायचं कारण साधं आहे. शेवटची धाव जीव काढणारी असेल तर लगेच विचारल्यावर सगळेच ‘नऊ’ म्हणतात. आणि आकडा एकट्यात विचारावा, सगळ्यांसमोर विचारला की लहान खेळाडू मोठ्याचं ऐकून सांगतात.

जोडीला सकाळी तीन नोंदी पुरतात: झोप किती झाली, अंग किती दुखतंय, मूड कसा आहे. महिन्याभरात वहीतून जे कळतं ते अनेकदा चकित करणारं असतं. प्रशिक्षकाने ‘हलका दिवस’ म्हणून आखलेला दिवस खेळाडूला सात वाटलेला असतो. एवढं समजलं तरी पुढच्या आठवड्याची आखणी बदलते.

चाचणीत आकडा सुधारला. म्हणजे मी सुधारलो ना?

कदाचित. हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात जास्त विचारायला हवा, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा, तीस मीटरची धाव गेल्या महिन्यात ४.३१ सेकंद होती, आज ४.२७ आली. ०.०४ चा फरक. आता आधी घड्याळाकडे बघा. वेळ हाताने घेतली असेल तर घेणाऱ्याचा अंगठा स्टार्टला उशिरा दाबला जातो आणि शेवटी तो अंदाजाने आधीच खाली येतो, त्यामुळे हाताची वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमीच भरते. शंभर मीटरसाठी हा फरक पूर्वी ०.२४ सेकंद धरला जाई. तोही दर वेळी सारखा नसतो, माणूस बदलला की बदलतो. म्हणजे ०.०४ ची सुधारणा अंगठ्याचीही असू शकते.

धावपटू ओलांडताच आपोआप वेळ नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक गेट असले तरी प्रश्न संपत नाही. स्टार्टची रेष गेटपासून किती मागे होती? मागच्या वेळी अर्धा मीटर आणि आज एक मीटर असेल, तर पळणारा गेट ओलांडतो तेव्हाच वेगात असतो, वेळ आपोआप कमी येते. पाठीवर वारा होता का? बूट तेच होते का? आदल्या दिवशी पायांचा व्यायाम झाला होता का?

यावर उपाय असा. नवी चाचणी सुरू करताना त्याच खेळाडूंची ती दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या, मध्ये जड सराव ठेवू नका. दोन्ही वेळच्या आकड्यांत जो फरक पडतो तो चाचणीचा स्वतःचा गोंगाट. तो ०.०५ असेल तर ०.०४ ची बातमी घरी सांगू नका. तो ०.०२ असेल तर आनंद माना, पण पुन्हा एकदा मोजून. ज्या चाचणीचा गोंगाट अपेक्षित सुधारणेपेक्षा मोठा आहे, ती चाचणी बंद करावी. मी बंद करायला सांगितलेल्या चाचण्या सुरू करायला सांगितलेल्यांपेक्षा जास्त असतील.

व्हीओटू मॅक्स किती असायला हवा?

लांब पल्ल्याच्या जागतिक दर्जाच्या पुरुष धावपटूंमध्ये तो साधारण ७० ते ८५ मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट सापडतो, स्त्रियांमध्ये थोडा कमी. पण सारख्या आकड्याच्या दोघांमध्ये कोण जिंकेल हे त्यावरून कळत नाही. आणखी दोन गोष्टी लागतात: त्या कमाल क्षमतेच्या किती टक्क्यांवर तुम्ही लॅक्टेट (जोराच्या श्रमात रक्तात वाढणारा पदार्थ) न साचवता टिकून राहता, आणि ठरावीक वेगाला तुम्हाला किती ऑक्सिजन खर्च करावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीला धावण्यातली काटकसर म्हणू.

ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तिची मापं १९९२ ते २००३ अशी वर्षानुवर्षं घेतली गेली. व्हीओटू मॅक्स सगळा काळ ७० च्या आसपास राहिला. काटकसर मात्र सुमारे १५ टक्क्यांनी सुधारली, आणि २००३ मध्ये लंडनला तिने २:१५:२५ ची मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला. फक्त पहिला आकडा बघत बसलेल्या माणसाने ‘प्रगती थांबली’ असा शेरा मारला असता.

‘२२० वजा वय’ हे सूत्र वापरू का?

सरासरी म्हणून ठीक. एका माणसासाठी ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, कधी त्याहून जास्त. हृदयगतीवर सराव आखायचा असेल तर चढावर दोन-तीन जोरदार धावा घेऊन स्वतःची कमाल गती शोधा. छातीत दुखणं, चक्कर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

रोज जीव तोडून सराव केला तर लवकर प्रगती होईल का?

नाही, आणि हे खेळाडूंना पटवणं सगळ्यात अवघड जातं. सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात काय करतात याचा स्टीफन सायलर या संशोधकाने अभ्यास केला. रोइंग, स्कीइंग, सायकलिंग, धावणं, सगळीकडे चित्र सारखंच दिसलं: दहापैकी साधारण आठ सत्रं गप्पा मारता येतील इतकी सोपी, आणि उरलेली दोन खरोखर कठीण. हौशी खेळाडू नेमका मधल्या पट्ट्यात अडकतो. सोपा दिवस थोडा जास्तच जोरात जातो, म्हणून कठीण दिवशी पायात जान नसते आणि तो दिवसही मध्यमच होतो.

सोप्या दिवशी सोबत्याबरोबर पूर्ण वाक्यं बोलता यायला हवीत. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी करा, मागून कोणी पुढे गेलं तरी.

सराव शरीराला थकवतो, सुधारणा विश्रांतीत होते. सराव आणि विश्रांतीचं गणित बरेच आठवडे बिघडलं तर वेळा घसरतात, झोप उडते, चिडचिड वाढते. अशा वेळी बहुतेक जण सराव वाढवतात, आणि तिथेच खरा घोळ होतो.

सराव आठवड्याला दहा टक्क्यांनीच वाढवावा, हे खरं का?

हा अंदाज आहे, नियम नव्हे. नवशिक्या धावपटूंवर तो तपासून पाहिला गेला, तेव्हा हळूहळू वाढवणारा गट आणि नेहमीप्रमाणे वाढवणारा गट यांच्या दुखापतींत फरक पडला नाही. मधल्या काळात चालू आठवड्याचा भार भागिले मागच्या चार आठवड्यांची सरासरी असं गुणोत्तर फार गाजलं, मग त्याच्या गणितावरच आक्षेप आले. माझा सल्ला: गुणोत्तर सोडा, उडी बघा. आजारपण, परीक्षा किंवा प्रवास यामुळे दोन आठवडे सुटल्यावर खेळाडू पहिल्याच दिवशी जुन्या भारावर येतो, आणि दुखापती तिथे होतात.

धावपटूने, जलतरणपटूने वजनं उचलावीत का? अंग जड होणार नाही?

उचलावीत. आठवड्यातून दोनदा जड वजन आणि उड्या यांचा व्यायाम केल्याने धावण्यातली काटकसर सुधारते, आणि भरपूर धावणाऱ्या माणसाचं अंग त्याने फुगत नाही. लहान मुलांची उंची खुंटते ही भीतीही निराधार आहे, देखरेख आणि योग्य तंत्र असलं की झालं.

दुखापत टाळण्याच्या बाबतीत तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. जोरात पळण्याच्या खेळांत मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, वारंवार फाटतो. नॉर्डिक व्यायामात गुडघ्यावर उभं राहायचं, कोणीतरी घोटे धरायचे आणि कंबर सरळ ठेवून शरीर हळूहळू पुढे सोडायचं. हा व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत या दुखापती साधारण निम्म्यावर आल्या. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखतात की खेळाडू तुम्हाला मनात शिव्या देतील, म्हणून स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नका. मोसमाआधी कमी फेऱ्यांनी सुरुवात करा.

फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. किशोरवयीन मुलींवरच्या मोठ्या अभ्यासात त्याने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. अट एवढीच की तो आठवड्यातून किमान दोनदा खरोखर करायचा. भिंतीवर तक्ता लावून काही होत नाही.

वॉर्म-अपला स्ट्रेचिंग करावं की नाही?

एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून ठेवला तर लगेच नंतरच्या उडीत आणि स्प्रिंटमध्ये थोडा जोर कमी पडतो. थोडा वेळ ताणून पुढे हालचालीचा वॉर्म-अप केला तर फरक पडत नाही. ज्याला ताणल्याशिवाय बरं वाटत नाही त्याला ताणू द्या.

थकवा घालवण्यासाठी बर्फाचं पाणी, मसाज यांपैकी काय घ्यावं?

आधी झोप. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तेव्हा त्यांचे फ्री थ्रो सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारले आणि स्प्रिंटही. २०११ चा हा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. खेळाडू फक्त अकरा होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. तरी दिशा बरोबर आहे. कमी झोपेने निर्णय, प्रतिक्रिया आणि मूड बिघडतो याचे पुरावे भरपूर आहेत. पहाटे पाचचा सराव सहावर नेणं हा अनेक संघांसाठी सगळ्यात स्वस्त उपाय असतो, आणि तोच कुणी करत नाही.

बर्फाच्या पाण्याने दुखणं कमी वाटतं. दोन दिवसांत तीन सामने असतील तर जरूर वापरा. पण मोसमाआधी ताकद कमवायची असेल तेव्हा नको: वजनांच्या व्यायामानंतर दर वेळी दहा मिनिटं थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू बारा आठवड्यांत कमी वाढले, असं २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं. मसाजने बरं वाटतं, तेवढं कारण पुरेसं आहे.

खेळाडूने काय आणि किती खावं?

१९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. दोघे एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने ती चालवली. तो पाय पार थकल्यावर तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे तुकडे काढून तपासले. थकवलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. स्पर्धेआधीचं ‘कार्ब लोडिंग’ इथून निघालं.

आज मोजमाप असं सांगतात. नव्वद मिनिटांपेक्षा लांब स्पर्धेआधी दीड-दोन दिवस, दिवसाला किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं. स्पर्धा चालू असताना तासाला ३० ते ६० ग्रॅम, अडीच तासांच्या वर गेल्यास ९० पर्यंत, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण दोघांची आतड्यातून आत जायची वाट वेगळी आहे. पोटालाही याचा सराव लागतो, तो सत्रांतच द्यावा. प्रथिनं दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. त्यापेक्षा बरीच जास्त घेऊन स्नायू वाढत नाहीत.

खरी अडचण मात्र कमी खाण्याची असते. वजनगटाचे खेळ, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याचं धावणं यांत खेळाडू सरावाला पुरेल इतकं खातच नाहीत. सरावाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला उरलेली ऊर्जा फार कमी पडली की हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती सगळ्याला फटका बसतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पुरुषांनाही हे होतं. सुरुवातीला वजन उतरतं, वेळा सुधारतात, सगळे कौतुक करतात. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडणारी चीर, त्यानंतर काही महिन्यांनी येतं.

पाणी किती प्यायचं?

तुमचा घाम किती जातो त्यावर. तो एका सत्रात मोजता येतो. सरावाआधी लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा: समजा ६८.४ किलो. भरलेली बाटली तोला: एक किलो. दीड तास सराव करा, प्यायचं ते याच बाटलीतून प्या. संपल्यावर टॉवेलने अंग कोरडं करा, घामाने भिजलेले कपडे काढा आणि पुन्हा वजन करा: ६७.३. बाटली ४०० ग्रॅम भरली. म्हणजे वजन १.१ किलोने घटलं आणि ६०० मिलिलिटर प्यायलात. एकूण घाम १.७ लिटर, तासाला सुमारे १.१ लिटर. भिजलेले कपडे अंगावर ठेवून वजन केलं तर त्यातला घाम ‘न गेलेला’ धरला जातो, नवशिके इथेच चुकतात.

वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहील इतपत प्यायलं की बहुतेकांना पुरतं. वरच्या उदाहरणात ती १.६ टक्के आहे, म्हणजे ठीक. उन्हाळ्यात आणि थंडीत वेगवेगळं मोजा. सराव संपल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. हळू पळणाऱ्या मॅरेथॉनपटूंच्या रक्तातलं सोडियम अशा पिण्याने धोकादायक पातळीवर उतरतं, आणि त्यात मृत्यूही झाले आहेत.

कोणती सप्लिमेंट्स खरंच काम करतात?

यादी छोटी आहे. कॅफीन, किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, स्पर्धेआधी तासभर. संध्याकाळच्या सामन्याला घेतलं तर झोपेचं खोबरं होतं, ते धरून ठरवा. क्रिएटिन, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. वारंवार स्फोटक जोर लागणाऱ्या खेळांना उपयोगी, पण स्नायूंत पाणी धरल्याने वजन किलोभर वाढू शकतं, उंच उडी मारणाऱ्याने किंवा कुस्तीगिराने याचा विचार करावा. एक ते सात मिनिटांच्या जोरदार स्पर्धांसाठी सोडियम बायकार्बोनेट, ज्याच्या पोटाला सोसेल त्याने. बीटा-ॲलानिन आणि बीटच्या रसातलं नायट्रेट यांचा फायदा थोडा आहे, आणि अव्वल खेळाडूंमध्ये नायट्रेटचा आणखी कमी. बाकी बाटल्यांवरचं लेबल वाचून झालं की बाटली परत ठेवा.

त्यात धोका वेगळाच आहे. २००० ते २००१ या काळात १३ देशांतून विकत घेतलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली, त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइड्स सापडली. डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्याने शिक्षा कमी होऊ शकते, पण प्रकरण टळत नाही. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेने त्या बॅचची तपासणी केलेली नसेल तर घेऊ नका. सर्दीच्या औषधाआधीसुद्धा प्रतिबंधित यादी बघा.

उंच ठिकाणी किंवा उष्णतेत सराव करून फायदा होतो?

उंचीवर हवा विरळ असते. १९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत, २,२४० मीटरवर झालं. विरळ हवेचा अडथळा कमी, त्यात अमेरिकेच्या बॉब बीमनने ८.९० मीटरची विश्वविक्रमी लांब उडी मारली, पण १०,००० मीटरची शर्यत २९:२७ मिनिटांत जिंकली गेली, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळपास पावणेदोन मिनिटं हळू. विरळ हवेत राहिल्याने काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, पण तिथे जोरात पळता येत नाही. म्हणून १९९७ मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी उंचावर राहायचं आणि खाली उतरून सराव करायचा असा मार्ग तपासला, तो आज रूढ आहे. तीन-चार आठवडे तरी लागतात. शरीरात लोह कमी असेल तर सगळा खर्च वाया, म्हणून जाण्याआधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) तपासा. काहींना याचा उपयोगच होत नाही.

उष्णतेचं मात्र मी सगळ्यांना सांगतो. गरम हवामानात स्पर्धा असेल तर एक-दोन आठवडे रोज तास-दीड तास गरमीत सराव केल्याने रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला हृदयगती कमी राहते. थंड हवेतून थेट येऊन उतरणारे खेळाडू शेवटच्या टप्प्यात चालायला लागतात, ते कमी फिटनेसमुळे नव्हे.

स्पर्धेआधी सराव किती कमी करावा?

साधारण दोन आठवडे आधीपासून एकूण सराव ४० ते ६० टक्क्यांनी कमी करा. वेग मात्र तोच ठेवा आणि सत्रांची संख्या फारशी घटवू नका. म्हणजे सहा ऐवजी तीन वेगवान धावा, पण त्याच वेळेत. याने दोन-तीन टक्के फरक पडू शकतो, आणि उच्च पातळीवर पदक व चौथा क्रमांक यांतलं अंतर बरेचदा त्याहून कमी असतं. या काळात खेळाडूंना पाय जड वाटतात, मन खातं, ‘फॉर्म गेला’ असं वाटून ते चोरून जास्तीचा सराव करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की असं वाटणार आहे.

मासिक पाळीनुसार सराव बदलावा का?

ॲप्स ठामपणे सांगतात तेवढा पुरावा नाही. सरासरी काढली तर पाळीच्या टप्प्यांनुसार कामगिरीत पडणारा फरक नगण्य आहे, व्यक्तीव्यक्तीत मात्र खूप आहे. म्हणून सगळ्यांना एक तक्ता लावण्यापेक्षा खेळाडूने स्वतःच्या पाळीची आणि त्रासाची नोंद ठेवावी, आणि ती कोणाला दाखवायची हे तिने ठरवावं. पाळी काही महिने आलीच नाही तर ‘जोरदार सरावाचं लक्षण’ म्हणून सोडून देऊ नका. वर सांगितलेल्या कमी खाण्याची ती पहिली खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचा खेळ ठरवण्यासाठी जनुक चाचणी करू का?

नको. ‘वेगाचा जनुक’ म्हणून जाहिरात होते त्या एसीटीएन-३ चा प्रभाव एकट्या माणसाचं भवितव्य सांगण्याइतका मोठा नाही.

त्यापेक्षा जन्मतारीख बघा. वयोगट ठरवणाऱ्या तारखेनंतर (कटऑफ) लगेच जन्मलेली मुलं संघांत जास्त निवडली जातात, कारण अकराव्या वर्षी दहा महिन्यांनी मोठं असणं म्हणजे उंची आणि ताकद दोन्ही जास्त. कॅनडाच्या आइस हॉकीत हे १९८० च्या दशकात लक्षात आलं, नंतर अनेक खेळांत दिसलं. तुमचा मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला आणि उशिरा वयात येणारा असेल तर आज मागे पडल्याचा फारसा अर्थ नाही. तो वयात येईपर्यंत त्याला दोन-तीन खेळ खेळू द्या.

घड्याळ सांगतं की आज ‘रिकव्हरी ३४ टक्के’. सराव करू की नको?

त्या आकड्याचं सूत्र कंपनीने सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्यात नेमकं काय मोजलंय हे तुम्हाला कळत नाही. दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढ-उताराचा आठवड्याचा कल उपयोगी आहे, एका सकाळचा आकडा नव्हे. वॉर्म-अप करा, पहिल्या दोन धावा बघा, मग ठरवा. अंगात बरं वाटत असताना घड्याळाने मूड घालवला, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. अशांनी ते महिनाभर काढून ठेवावं.

जाड सोलचे नवे बूट घेतले तर वेळ सुधारेल?

लांब धावांत बऱ्याच जणांची सुधारते. २०१७ च्या सुमारास आलेल्या कार्बन प्लेटच्या पहिल्या बुटांनी प्रयोगशाळेत ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी घटवला होता. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या बुटांच्या सोलला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. बूट बदलले असतील तर चाचणीच्या वहीत तशी नोंद करा, नाहीतर श्रेय सरावाला जाईल.

स्पर्धेच्या दिवशी काय काय मोजावं?

काहीही नाही. त्या दिवशी कुठल्याही आकड्यामुळे तुमचा निर्णय बदलणार नाही, फक्त धाकधूक वाढेल. नाश्ता, जेल, बूट, मोजे, सगळं सरावात वापरून झालेलं असावं. वॉर्म-अप कॉल रूमच्या (शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात ती खोली) वेळेपासून मागे मोजत आखा. कॉल रूममध्ये वीस मिनिटं बसवून ठेवतात तिथे अंग थंड पडतं, म्हणून अंगावर जाड ट्रॅकसूट ठेवा आणि बसल्या जागी करता येतील अशा दोन-तीन हालचाली आधीच ठरवून ठेवा. झोप आदल्या रात्री नीट लागली नाही तर घाबरू नका, त्याआधीच्या रात्री बऱ्या झाल्या असतील तर एका रात्रीने फारसं बिघडत नाही.